विमानाच्या एपीयूचा बाजार आणि सांगली-साताऱ्याची वर्कशॉप्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुपवाड, मिरज, तासवडे, सातारा एमआयडीसी, शिरवळ या पट्ट्यातले कारखानदार आणि इंजिनिअरिंगची पोरं एपीयूबद्दल फिरून फिरून तेच प्रश्न पाठवतात. ते इथे एकत्र केले आहेत. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी कळेल. जिथे दुसरीकडे सविस्तर आलंय तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. एपीयू म्हणजे नक्की काय? ते विमानाचं इंजिनच ना?

इंजिनच, पण विमान ढकलणारं नव्हे. एपीयू म्हणजे ऑक्झिलरी पॉवर युनिट. जेट विमानाच्या शेपटीच्या अगदी टोकाला जे भोक दिसतं ते बहुतेक वेळा याचं धुराडं असतं. आत छोटं गॅस टर्बाइन बसवलेलं असतं: कॉम्प्रेसर, ज्वलनकक्ष, टर्बाइन आणि त्याला गिअरबॉक्समार्फत जोडलेला जनरेटर. विमान जमिनीवर उभं असताना दिवे, संगणक आणि एसी यावर चालतात, आणि मुख्य इंजिन फिरवायला लागणारी दाबाची हवाही हेच देतं. एअरबस ए320 किंवा बोईंग 737 च्या एपीयूचा जनरेटर 90 केव्हीएचा असतो. वीज 115 व्होल्ट, 400 हर्ट्झची. आपल्या एमएसईबीच्या 50 हर्ट्झशी तिचा संबंध नाही, हे प्रश्न 11 मध्ये कामाला येईल.

1964 मध्ये सेवेत आलेल्या बोईंग 727 पासून प्रवासी जेटमध्ये ही सोय रुळली. ज्या लहान विमानतळांवर जमिनीवरची यंत्रसामग्री नव्हती तिथेही ते विमान स्वतःच्या जिवावर सुरू होऊ शकायचं.

2. हवेत गेल्यावर त्याचा काय उपयोग?

एरवी ते बंदच असतं. मुख्य इंजिनवरचा जनरेटर गेला तर मात्र पर्याय म्हणून सुरू करतात. दोन इंजिनांची विमानं समुद्रावरून लांबचे मार्ग घेतात तेव्हा एपीयूची हमी हा परवानगीच्या हिशोबाचा भाग असतो. जानेवारी 2009 मध्ये न्यूयॉर्कला पक्ष्यांच्या धडकेने दोन्ही इंजिनं गेलेलं ए320 हडसन नदीत उतरवलं. त्या वेळी कॅप्टनने चेकलिस्टमध्ये तो मुद्दा येण्याची वाट न बघता एपीयू सुरू केलं होतं, आणि त्यामुळे विमानाच्या नियंत्रण यंत्रणेला वीज मिळत राहिली.

3. कोल्हापूरला येणाऱ्या विमानांत एपीयू असतं का?

सगळ्यांत नसतं. उजळाईवाडीला येणाऱ्या एटीआर विमानात एपीयू नाही. तिथे उजव्या इंजिनाच्या पंख्याला ब्रेक लावून आतलं टर्बाइन तेवढं चालू ठेवतात, त्याला हॉटेल मोड म्हणतात. उजवा पंखा थांबलेला आणि इंजिनाचा आवाज मात्र चालू, असं दिसलं तर घाबरू नका. एम्ब्रेअर जेटमध्ये मात्र एपीयू असतं.

4. जगात एपीयू बनवतं कोण?

मोठ्या प्रवासी विमानांसाठी खरं तर दोनच घरं आहेत: अमेरिकेची हनीवेल, आणि प्रॅट अँड व्हिटनी. हनीवेलकडे हा धंदा जुन्या गॅरेट कंपनीकडून, प्रॅटकडे हॅमिल्टन संडस्ट्रँडकडून आला. तिसरी फ्रान्सची साफ्रान. तिचा भर हेलिकॉप्टर, बिझनेस जेट आणि लष्करी विमानांवर. चेक प्रजासत्ताकात पीबीएस, युक्रेनमध्ये मोटर सिच, रशियात एरोसिला.

कुठल्या विमानात कुणाचं हे पाहिलं की बाजार कसा बांधलेला आहे ते कळतं. 737 आणि ए350 ला हनीवेल, 787 ला प्रॅट. ए320 ला दोघांपैकी एक एअरलाइनने निवडायचं: हनीवेलचं 131-9ए किंवा प्रॅटचं एपीएस3200. चीनच्या सी919 ला हनीवेल. रशियाने निर्बंधांनंतर एमसी-21 ला स्वतःचं टीए18-200 बसवलं. एका विमानाचं डिझाइन ठरलं की पुढची तीस-चाळीस वर्षं ते गिऱ्हाईक बांधलं गेलं. नवा माणूस मध्ये घुसणार तरी कुठून?

5. हा बाजार किती मोठा आहे? रिपोर्टमध्ये दरवेळी वेगळा आकडा दिसतो.

विकत मिळणाऱ्या मार्केट रिपोर्टचे आकडे मी वापरत नाही. कोणी रणगाडे धरतं, कोणी दुरुस्ती धरतं, कोणी दोन्ही सोडतं. त्यापेक्षा साधा हिशोब करा. 2024 मध्ये एअरबसने 766 आणि बोईंगने 348 विमानं ग्राहकांच्या हवाली केली. एका विमानाला एक एपीयू. म्हणजे मोठ्या प्रवासी विमानांसाठी वर्षाला अकराशेच्या आसपास नवी युनिट्स. त्यात बिझनेस जेट, प्रादेशिक जेट आणि लष्कर मिळवा, तरी संख्या हजारांतच राहते.

आता हे आपल्या भाषेत बघा. कुपवाडची मध्यम फौंड्री ट्रॅक्टरच्या एका कास्टिंगचे जेवढे नग एका महिन्यात ओतते, तेवढे संपूर्ण जगाला वर्षभरात एपीयू लागत नाहीत. 'व्हॉल्यूम किती मिळेल?' हा आपल्याकडचा पहिला प्रश्न इथे चुकीचा ठरतो. इथे नग कमी, नगामागे कागद जास्त आणि ऑर्डर वर्षानुवर्षं चालणारी.

6. मग पैसा कुठे आहे?

सुट्या भागांत आणि दुरुस्तीत. नवं युनिट विकताना मिळतं त्यापेक्षा पुढची कित्येक वर्षं त्याला पार्ट पुरवण्यात जास्त मिळतं. बऱ्याच एअरलाइन्स एपीयूच्या चालू तासांवर पैसे मोजण्याचे करार करतात; बिघाडाची जोखीम कंपनीकडे जाते. टर्बाइन व्हीलसारख्या भागांना ठराविक सायकलींची (एकदा सुरू होऊन बंद झालं की एक सायकल) आयुर्मर्यादा असते. भाग दिसायला चकचकीत असला तरी मर्यादा संपली की भंगारात.

भारतात हे वाढणार, कारण विमानं येतायत. 2023 मध्ये इंडिगोने ए320 कुटुंबातली 500 आणि एअर इंडियाने एअरबस-बोईंग मिळून 470 विमानं मागवली. त्यांची दुरुस्ती देशात किती होईल हे दुरुस्ती केंद्रांवर अवलंबून आहे. 15 जुलै 2024 पासून विमानाच्या सुट्या भागांच्या आयातीवर सरसकट 5 टक्के आयजीएसटी केला, त्याचा फायदा या केंद्रांना होतो. आपल्या जॉबवर्कला तो दर आपोआप लागत नाही, सीएला विचारा.

7. भारतात एपीयू बनतं का?

प्रवासी विमानांचं नाही. लष्करी बाजूला हिंदुस्तान एरोनॉटिक्सने, म्हणजे एचएएलने, या घराण्यातली छोटी टर्बाइन्स बनवली आहेत. तेजसचं मुख्य इंजिन सुरू करणारं जीटीएसयू-110 आणि हवाई दलाच्या एएन-32 मालवाहू विमानासाठी जमिनीवर वीज देणारं जीटीईजी-60 ही त्यातली दोन. काटेकोर बघितलं तर जीटीएसयू हे स्टार्टर आहे, पूर्ण एपीयू नव्हे. पण धातू, वेग आणि तपासणी त्याच पातळीची. आपल्याला दारातलं गिऱ्हाईक हवं असेल तर ते या बाजूला आहे (प्रश्न 13).

8. माझ्याकडे तीन व्हीएमसी आणि दोन सीएनसी लेथ आहेत. एपीयूचा कुठला भाग मला मिळू शकतो?

टर्बाइन व्हील आणि इम्पेलर (हवा दाबणारं कॉम्प्रेसरचं पात्यांचं चाक) डोक्यातून काढा. टायटॅनियमच्या फोर्जिंगमधून पाच अक्षांच्या मशीनवर कोरलेला इम्पेलर हे आपलं पहिलं काम असू शकत नाही. का, ते आकड्यात सांगतो. हनीवेलच्या 131-9 चा रोटर मिनिटाला 48,800 फेरे घेतो. अक्षापासून 50 मिलिमीटरवर 1 ग्रॅम धातू जास्त राहिला तर त्या वेगाला तो सुमारे 130 किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ओढतो. तोच ग्रॅम तुमच्या लेथच्या 1500 फेऱ्यांना सव्वाशे ग्रॅमची ओढ देतो. तुम्हाला जाणवणारही नाही. व्हील फुटलंच तर तुकडे आवरणाच्या बाहेर येऊ नयेत हे कंपनीला प्रमाणपत्रासाठी दाखवावं लागतं, म्हणून ते काम ती सहजासहजी बाहेर देत नाही.

मिळू शकतात ते भाग साधे दिसणारे: ब्रॅकेट, माउंटिंगचे लग, फ्लँज, स्पेसर, गिअरबॉक्सच्या अॅल्युमिनियम हाउसिंगचं मशीनिंग, पाइप फिटिंग, शिवाय जुळणीची जिग-फिक्श्चर. यातही ऑर्डर हनीवेलकडून थेट येत नाही. ती पुणे, बेंगळुरू, हैदराबाद इथल्या मोठ्या पुरवठादाराकडून खाली झिरपते. तिसऱ्या पायरीवर उभं राहायची लाज वाटू देऊ नका. किर्लोस्करवाडीच्या आजूबाजूची कितीतरी वर्कशॉप्स पंपांच्या जॉबवर्कवरच मोठी झाली.

9. इन्कोनेल आमच्याकडे कापता येईल का?

येईल, पण सवयी बदलाव्या लागतील. इन्कोनेल 718 हा उष्णता सोसणारा निकेलचा मिश्रधातू कापताना कडक होत जातो. टूल एका जागी घासत राहिलं की पृष्ठभाग काचेसारखा होतो आणि पुढच्या पासला इन्सर्ट (टूलचं बदलता येणारं टोक) जातं. कार्बाइडने साध्या स्टीलला मिनिटाला दीडशे-दोनशे मीटर चालवता, इथे तीस ते पन्नास. कूलंट जोरात आणि थेट धारेवर हवा.

कुपवाडच्या एका शेडमध्ये पाहिलेली गोष्ट: ऑपरेटर वेळ वाचवायला फीड कमी आणि वेग जास्त ठेवत होता. बर निळी-जांभळी पडत होती, इन्सर्टच्या कडेला बारीक खाच पडलेली, आणि तरी मायक्रोमीटरवर माप बरोबर येत होतं. पार्ट मापात होता, पण त्याच्या पृष्ठभागाखाली काय झालंय ते मायक्रोमीटर सांगत नाही. या धंद्यात तेच विचारतात.

वायरकटबद्दल वेगळी सूचना. ईडीएमने, म्हणजे वायरकटसारख्या विजेच्या ठिणग्यांनी, कापलेल्या कडेला वितळून पुन्हा गोठलेला पातळ थर राहतो आणि तिथून चीर सुरू होऊ शकते. ड्रॉइंगवर परवानगी नसेल तर वायरकट वापरू नका, काम कितीही सुबक दिसो.

10. एएस 9100 घेतलं की ऑर्डर येते का? आणि नॅडकॅप काय?

एएस 9100 हे आयएसओ 9001 वर विमान उद्योगाच्या जादा अटी चढवलेलं प्रमाणपत्र. ते नसलं तर दार उघडत नाही. असलं म्हणून कोणी आत बोलावत नाही. स्वस्तात आणि झटपट प्रमाणपत्र देणारे एजंट आपल्या भागात फिरतात. तपासायची सोपी खूण: खरं प्रमाणपत्र ओएसिस नावाच्या आंतरराष्ट्रीय यादीत दिसतं. तिथे नाव नसेल तर ग्राहक तो कागद बाजूला ठेवतो.

नॅडकॅप हे कंपनीचं नसतं, प्रक्रियेचं असतं: उष्णता-प्रक्रिया, प्लेटिंग, वेल्डिंग, पेनिट्रंट तपासणी, ईडीएम वगैरे. बहुतेकांनी स्वतः घेऊ नये. मशीनिंग आपल्याकडे करा आणि उष्णता-प्रक्रिया पुण्या-बेंगळुरूच्या मान्यताप्राप्त ठिकाणी पाठवा. रेट काढताना गाडीभाडं आणि दहा-पंधरा दिवसांची वाट धरा.

खरी परीक्षा पहिल्या नगाची. एएस 9102 प्रमाणे ड्रॉइंगवरच्या प्रत्येक मापाला, टिपेला, धाग्याला गोल करून क्रमांक द्यायचा आणि प्रत्येकासमोर प्रत्यक्ष मोजलेला आकडा लिहायचा. 'ओके' लिहून चालत नाही. मटेरियलचा हीट नंबर (धातूच्या एका वितळणीचा क्रमांक) गिरणीच्या दाखल्यापासून तयार पार्टपर्यंत तुटता कामा नये. दोन हीटचे तुकडे एका रॅकवर मिसळले तर अख्खी बॅच गेली. चौकशीपासून पहिल्या नियमित ऑर्डरपर्यंत दोन-तीन वर्षं धरूनच चाला, आणि तेवढा काळ ऑटोचं काम सोडू नका.

11. आम्ही डिझेल जनसेट आणि इंजिनच्या कामातले. आमच्यासाठी काही आहे का?

आहे, आणि माझ्या मते आपल्या दोन जिल्ह्यांसाठी जवळचं दार हेच. एपीयूला जमिनीवरचा पर्याय म्हणजे ग्राउंड पॉवर युनिट: उभ्या विमानाला केबलने वीज देणारी गाडी. एपीयू ताशी 100 किलोच्या आसपास इंधन खातं, शिवाय आवाज आणि धूर. म्हणून विमानतळ आणि एअरलाइन दोघांनाही उभ्या विमानाचं एपीयू बंद ठेवायचं असतं.

फलटणला कमिन्स, साताऱ्यात कूपर, शिवाय या कारखान्यांभोवती वाढलेली फॅब्रिकेशन, कॅनोपी, वायरिंगची माणसं; इंजिनवर अल्टरनेटर बसवून सेट उभा करणं या भागाला शिकवावं लागत नाही. फरक 400 हर्ट्झचा. नेहमीचा सेट 4 पोल आणि 1500 फेऱ्यांना 50 हर्ट्झ देतो. इथे 24 पोलचा अल्टरनेटर 2000 फेऱ्यांवर चालवा, की 400 मिळतात. दुसरा मार्ग वीज कंपनीच्या पुरवठ्यावरून इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टरचा, आणि बॅटरीवरची युनिट्सही येऊ लागली आहेत.

हे विमानावर बसत नाही, त्यामुळे एपीयूला लागणारी विमानभागाची मान्यता (टीएसओ-सी77बी किंवा युरोपची सीएस-एपीयू) लागत नाही. पण ढिलाई चालत नाही. आयएसओ 6858 मध्ये व्होल्टेज किती वेळात किती हलू शकतं ते बांधून दिलंय. चुकीची वीज गेली तर विमानातली इलेक्ट्रॉनिक्स जळतात आणि बिल तुमच्याकडे येतं. सेट अख्खा जमत नसेल तर ट्रॉली, कॅनोपी, टोइंगचा सांगाडा, केबलचा रीळ यापासून सुरुवात करा.

12. जुन्या एपीयूचा पार्ट मिळालाय. मोजून तसाच बनवला तर विकता येईल का?

विमानात बसवण्यासाठी नाही. माप जुळणं म्हणजे मान्यता नव्हे. मूळ कंपनीशिवाय दुसऱ्याने पार्ट बनवायचा कायदेशीर मार्ग आहे; अमेरिकेत त्याला पीएमए म्हणतात. त्यात आपला पार्ट बरोबरीचा आहे हे चाचण्यांनी नियामकाला पटवावं लागतं. आपल्याकडे नागरी विमानांवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएचे स्वतंत्र नियम आहेत. कागदाशिवाय किंवा खोट्या कागदावर पार्ट गेला तर काय होतं ते 2023 मध्ये दिसलं: लंडनच्या एओजी टेक्निक्सने बनावट दाखल्यांवर इंजिनचे भाग विकल्याचं उघड झालं आणि जगभरच्या एअरलाइन्सना इंजिनं उघडून भाग शोधावे लागले.

कॉलेजच्या मॉडेलसाठी, कटसेक्शन दाखवण्यासाठी बनवायचा असेल तर खुशाल बनवा. त्यावर पुसता न येणारी खूण करा.

13. लष्करी काम कसं शोधायचं?

संरक्षण मंत्रालयाचं सृजन पोर्टल 2020 पासून चालू आहे. एचएएल आणि इतर संस्था आयात होणाऱ्या वस्तू तिथे टाकतात. ज्याला जमेल त्याने रस दाखवायचा. यादीत शेकडो बारीक गोष्टी असतात: सील, बुश, फिटिंग. एकेका वस्तूची संख्या आणि ड्रॉइंग मिळतं का हे आधी बघा, कारण वर्षाला बारा नगांसाठी फिक्श्चर करणं परवडत नाही. लष्करी विमानाच्या भागाला सेमिलॅकची (लष्करी विमानांना उड्डाणयोग्यतेची मान्यता देणारी संस्था) मान्यता आणि डीजीएक्यूएची (लष्करी विमानांच्या गुणवत्तेची तपासणी करणारी संस्था) तपासणी लागते, डीजीसीएचा त्यात संबंध येत नाही. उद्यम नोंदणी असेल तर बऱ्याच टेंडरमध्ये अनामत रक्कम माफ होते. कागदाच्या शिस्तीबद्दल प्रश्न 10 इथेही जसाच्या तसा लागू.

14. आमची फौंड्री आहे. टर्बाइनचं कास्टिंग जमेल?

वाळूच्या साच्यात नाही. टर्बाइनचे भाग मेणाच्या नमुन्यावर चिनीमातीचे थर चढवून, निकेलचा मिश्रधातू निर्वात भट्टीत वितळवून ओततात. नव्याने उभं करायचं तर तो वेगळा कारखानाच होतो. टायटॅनियमच्या कास्टिंगमध्ये लखनौची पीटीसी इंडस्ट्रीज त्या वाटेने गेली. भांडवल आणि वर्षं दोन्ही घातली. ग्राउंड युनिटची कास्टिंग (प्रश्न 11) मात्र तुमच्या भट्टीतून आजही निघू शकतात.

15. विमानं इलेक्ट्रिक झाली की एपीयू जाणारच ना? मग कशाला पडायचं यात?

आतापर्यंत उलटं झालंय. 787 मध्ये इंजिन सुरू करायला हवेऐवजी वीज वापरली, तेव्हा एपीयू गेलं नाही. त्यावर 225 केव्हीएचे दोन जनरेटर आले. हवेचं काम कमी, विजेचं जास्त. हनीवेलने ए350 च्या एपीयूवरून एक मेगावॅटचा टर्बोजनरेटर जाहीर केलाय. इंधनपेशींवर वर्षानुवर्षं प्रयोग चालू आहेत, पण आज उडणाऱ्या ए320 आणि 737 ना पुढची वीस वर्षं पार्ट लागणारच. ज्याला घाई आहे त्याने या धंद्यात पडू नये, पण कारण इलेक्ट्रिक विमान हे नव्हे.

16. मुलगा वालचंदला (किंवा कराडला, किंवा आयटीआयला) आहे. त्याने काय शिकावं?

डिझाइनचं स्वप्न असेल तर टर्बोमशिनरी आणि धातुशास्त्र. बाकीच्यांनी तपासणी शिकावी: सीएमएम (तिन्ही अक्षांत माप घेणारं यंत्र), भौमितिक टॉलरन्स वाचणं, पहिल्या नगाचा अहवाल लिहिणं. यात माणसं खरोखर कमी आहेत आणि आयटीआयचा मुलगाही इथे इंजिनिअरच्या पुढे जातो. विमानावर हात लावून काम करायचं असेल तर डीजीसीएच्या कार-66 खालचा बी1.1 परवाना, टर्बाइन विमानांचा तो, एपीयू त्यातच येतं.

17. एक पार्टी म्हणते, 'हनीवेलच्या एपीयूची ऑर्डर मिळवून देतो, आधी नोंदणीचे पैसे भरा.' भरू का?

नका भरू. या महिन्यातही असे फोन आलेत. खरा ग्राहक आधी तुमचं शेड बघतो, गोपनीयतेचा करार करतो, मग ड्रॉइंग देतो आणि कोटेशन मागतो. पैसे मागत नाही. ऑडिट किंवा प्रमाणपत्राची फी असते, ती प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला चेकने जाते. मध्यस्थाला तीन गोष्टी विचारा: अंतिम ग्राहकाचं नाव, ड्रॉइंगचा क्रमांक आणि रिव्हिजन, आणि त्याची स्वतःची कंपनी ओएसिसमध्ये (प्रश्न 10) आहे का. सृजनवरची नोंदणी फुकट आहे आणि एचएएलचा व्हेंडर फॉर्म तुम्ही स्वतः भरू शकता. त्यासाठी कुणाला एक रुपयाही द्यायची गरज नाही.